ज्युनियर उड्यांनी नाही, हातांनी खेळायचा असतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे, की डाँकी काँग हा जुना व्हिडिओ गेम तुला बऱ्यापैकी जमतो, पिंपांची स्क्रीन तर आता डोळे मिटून पार होते, पण त्याचा पुढचा भाग डाँकी काँग ज्युनियर लावला की पहिल्या वेलींवरच तिन्ही लाइफ संपतात, आणि कधी वेलींवरून थेट साखळ्यांच्या स्क्रीनवर पोचलास तरी दोन चाव्या लागल्या की मेलास. म्हणून तू विचारतोयस की याचे कंट्रोल मुळातच जड आहेत का, हा गेम पहिल्यापेक्षा कच्चा बनवलाय का, आणि तसं असेल तर लोक याला क्लासिक का म्हणतात.

मी हा गेम तीसेक वर्षं खेळतोय. शाळेत असताना टीव्हीला जोडायचा तो आठ-बिटवाला गेम आमच्या घरी होता, त्याच्या कॅसेटवर ९९९९ गेम असं छापलेलं असायचं आणि आत तेच पंचवीस-तीस गेम वेगवेगळ्या नावांनी परत परत यायचे, त्या यादीत हा होता. पुढे कॉम्प्युटरवर इम्युलेटर, म्हणजे जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम, आला तेव्हा कळलं की आपण खेळत होतो ती घरगुती आवृत्ती, खरा गेम आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्राचा आहे, आणि मग त्या खऱ्या गेमचं असं वेड लागलं की त्या यंत्रांच्या आतले जुने सर्किट बोर्ड मिळवून ते दुरुस्त करायला शिकलो. तर अनुभवावरून सांगतो, कंट्रोल अजिबात जड नाहीत. ज्युनियर हा डाँकी काँग या माकडाचा पोरगा, मारिओने कोंडलेल्या बापाला तो चाव्या मिळवून सोडवतो, आणि तू बापाचा गेम पोराच्या अंगात शिरून खेळतोयस, एवढंच होतंय.

पहिल्या गेममध्ये तुझ्याकडे मारिओ होता, तेव्हा त्याला जंपमॅनही म्हणायचे, आणि नावातच सगळं आलं, उडी हेच त्याचं हत्यार. पिंप आलं, उडी. आगीचा गोळा आला, उडी. शिडी म्हणजे फक्त एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायचा रस्ता, तिच्यावर असताना तू अडकलेला असतोस आणि कधी एकदा उतरतो असं होतं. ज्युनियरमध्ये हे सगळं उलटं केलंय. इथे जमीन फारच थोडी आहे, गेमचा बहुतेक वेळ तू वेलीला नाहीतर साखळीला लटकलेला असतोस, आणि लटकलेला असताना उडीचं बटण काहीच करत नाही. पिंपांवर पोसलेली बोटं संकट आलं की आपोआप बटण दाबतात, ज्युनियर जागचा हलत नाही, आणि आपल्याला वाटतं कंट्रोल अडकले. अडकत नाहीत रे, तिथे पळायचा रस्ता दुसरा आहे, तो हातातून जातो.

आता मुख्य गोष्ट सांगतो, ही एक नीट डोक्यात बसली की अर्धा गेम सुटला. ज्युनियर एका वेलीला दोन्ही हातांनी धरून असेल तर वर सावकाश चढतो पण खाली सर्रकन घसरतो. आणि दोन हातांत दोन वेली धरल्या असतील तर वर भराभर चढतो पण खाली हळू येतो. म्हणजे वर जायचंय, दोन वेली. खाली यायचंय, एक वेल. बस. ऐकायला फार सोपं वाटतं पण हातात उतरायला वेळ लागतो, कारण संकट समोर आल्यावर माणूस ज्या अवस्थेत असतो त्याच अवस्थेत पळायला बघतो. दोन वेलींवर हात पसरून भराभर वर चाललायस, वरून जबडा, म्हणजे वेलींवरून फिरणारा दातांचा शत्रू, खाली येताना दिसला, तू जॉयस्टिक खाली ओढलास, आणि ज्युनियर हळूहळू, एकेक हात सोडत उतरतोय आणि जबडा येऊन चावतो. इथे खाली ओढायच्या आधी एका बाजूला ढकलून एक वेल सोडायची असते, मग खाली. आधी बाजूला, मग खाली, हा क्रम बोटांत बसेपर्यंत नुसता तेवढाच सराव कर, स्कोअर विसर, चावी विसर. लहानपणी पारंब्यांना लोंबकळून सूरपारंब्या खेळलेल्या पोरांना हे सांगावं लागत नाही, डाव ज्याच्यावर आहे तो खाली दिसला की दोन पारंब्या धरून लटकलेला पोरगा अडकतो आणि एकीवरचा सटकतो.

यात अजून एक बारकावा आहे जो मला स्वतःला फार उशिरा लक्षात आला. दोन वेली धरल्या की वेग मिळतो खरा, पण तू दोन वेलींची जागा अडवलेली असतेस... म्हणजे ज्युनियरने अडवलेली असते, आणि त्या दोन्हींपैकी कुठल्याही वेलीवरून आलेला जबडा तुला लागतो. एका वेलीवर असताना अंग वेलीच्या एका बाजूला असतं, डाव्या नाहीतर उजव्या, त्यामुळे शेजारच्या वेलीवरून काही उतरत असेल तर तू पलीकडच्या बाजूला होऊन ते जाऊ देऊ शकतोस. वेग हवा तर धोका दुप्पट, सुरक्षित राहायचं तर सावकाश, आणि हा निर्णय दर सेकंदाला घ्यायचा. १९८२ साली एक जॉयस्टिक आणि एक बटण एवढ्याच सामानात कोणीतरी हे बसवलं, आणि कुठेही लिहून दाखवलं नाही, मी ज्यांना ज्यांना हा गेम शिकवला त्यांना सगळ्यात आधी हेच दाखवतो.

बाजूला जाण्याबद्दल. वेलीवर असताना बाजूला एकदा ढकललं की ज्युनियर हात लांब करतो, शेजारी वेल हाताशी असेल तर ती धरतो, मग परत ढकललं की पूर्ण त्या वेलीवर जातो. म्हणजे एका वेलीवरून दुसरीवर जाणं हे दोन टप्प्यांचं काम आहे, आणि मधला टप्पा म्हणजेच ती दोन वेलींची अवस्था. नवीन खेळणारा जॉयस्टिक एका बाजूला दाबून धरतो आणि तीन वेली पुढे जातो, मग कुठे थांबलो ते कळत नाही. एकेक ढकल द्यायची, मोजून. आणि उंचावरून सुटलास तर मेलास, मारिओसारखंच, थोडी जास्त उंची झाली की पडणं म्हणजे लाइफ गेलं, त्यामुळे वेल संपते तिथे खाली काय आहे हे बघितल्याशिवाय सोडू नकोस, पहिल्या स्क्रीनवर तर खाली पाणीच आहे.

आता ते जबडे. त्यांचं नाव स्नॅपजॉ, आम्ही त्यांना मगरीच म्हणायचो, सापळ्यासारखे नुसते दात असलेले. हे दोन रंगांचे असतात आणि रंग बघितल्याशिवाय खेळणं म्हणजे सिग्नल न बघता चौक ओलांडणं. निळा जबडा वेलीवरून खाली येतो आणि टोकाला पोचला की खाली पडून जातो, परत वर येत नाही. लाल जबडा खाली येतो, परत वर जातो, परत खाली, तो तिथे मुक्काम ठोकतो. म्हणून निळ्याला फक्त वाट द्यायची, दोन क्षण बाजूला हो, गेला. लाल मात्र टाळून संपत नाही, त्याला एकतर चुकवून वर निघून जायचं, म्हणजे तो खाली चालला असेल तेव्हा त्याच्या मागून, नाहीतर मारायचं. आणि लेव्हल वाढतील तसे हे जास्त आणि जलद येतात, त्यामुळे एकाच स्क्रीनवर उगाच रेंगाळलास तर लाल साठत जातात, मग कितीही हात चांगला असला तरी जागाच उरत नाही.

मारायचं कशाने, तर फळांनी. वेलींवर फळं लटकलेली असतात, त्याला हात लागला की ते सरळ खाली पडतं आणि वाटेत जो कोणी येईल त्याला घेऊन जातं. एका फळाने एकच नाही, खाली रांगेत जितके असतील तितके, आणि प्रत्येक पुढच्या शत्रूला आधीच्यापेक्षा जास्त पॉइंट मिळतात. हे पहिल्या गेममधल्या हातोड्यापेक्षा फार वेगळं आहे, आणि माझ्या मते फार पुढचं आहे. हातोडा उचलला की तू काही सेकंद राजा, पण हातोडा हातात असताना उडी नाही, शिडी नाही, आणि वेळ संपली की तो गेला. फळ तुझ्याबरोबर येत नाही, ते जिथे आहे तिथेच आहे, तुला त्याच्यापर्यंत जायचं आणि योग्य क्षणी शिवायचं. म्हणजे हत्यार जागेत आहे, अंगात नाही, आणि म्हणून स्क्रीन वाचावी लागते. नवीन पोरं फळ दिसलं की लगेच शिवतात, खाली कोणी नसतं, फळ वाया. तू फळाच्या खाली दोन लाल जबडे एका ओळीत येईपर्यंत थांबायला शिक, वेलीच्या पलीकडच्या बाजूला लटकून, मग हात लाव. हा थांबायचा संयम ज्याच्याकडे आहे त्याचा ज्युनियर आणि ज्याच्याकडे नाही त्याचा ज्युनियर, दोघांचे स्कोअर बघितले की वेगळे गेम खेळल्यासारखे वाटतात.

आता स्क्रीन. एकूण चार आहेत, वेली, स्प्रिंगबोर्ड, मारिओचा अड्डा आणि साखळ्या. जपानच्या मूळ बोर्डवर त्या एकामागून एक अशा चारही येतात, अमेरिकेत गेलेल्या बोर्डवर मात्र पहिल्या लेव्हलला वेली आणि लगेच साखळ्या, मधल्या दोन पुढच्या लेव्हलमध्ये हळूहळू येतात. तू वेलींवरून थेट साखळ्यांवर पोचतोस म्हणतोस म्हणजे तुझ्याकडे अमेरिकेची आवृत्ती आहे, आणि तुझी अर्धी तक्रार तिथूनच आलीये असं मला वाटतं, कारण साखळ्या ही सगळ्यात अवघड आणि शेवटची परीक्षा, ती मधला अभ्यास न होता समोर येते.

वेलींच्या स्क्रीनवर मारिओ वर उभा असतो, डाँकी काँग पिंजऱ्यात, आणि जबडे तिथून निघतात. तुझी सुरुवात खाली डावीकडून. रस्ता साधारण असा की खालून उजवीकडे सरकत जायचं, उजवीकडच्या वेलींवरून वर, आणि मग वरच्या कठड्यावरून परत डावीकडे चावीकडे. इथे सगळे मरतात ते उजवीकडे वर चढताना, कारण तोपर्यंत जबडे वरून चालत येऊन त्याच वेलींवर उतरायला लागलेले असतात. माझी पद्धत अशी, मधल्या भागात मी वेळ घालवत नाही, तिथे एकेका वेलीवरूनच सरकतो, दोन धरत नाही, आणि उजवीकडे पोचलो की खाली थांबून एकदा वर बघतो. निळे उतरत असतील तर उतरू देतो. रस्ता मोकळा झाला की दोन वेली धरून एका दमात वर. अर्ध्यात थांबायचं नाही. अर्ध्यात थांबलेला ज्युनियर म्हणजे दोन वेली अडवून बसलेला ज्युनियर. वरच्या कठड्यावर आलास की तिथे पाय जमिनीवर, तिथे उडी चालते, समोरून येणाऱ्या जबड्यावरून उडी मार, त्याचे पॉइंटही मिळतात.

स्प्रिंगबोर्डची स्क्रीन लोक उगाच अवघड मानतात. फळीवर पडताक्षणी उडीचं बटण दाबलं तर उंच उडतोस, नाही दाबलं तर साधा उसळतोस, त्याचा एक ठेका आहे, तो चार-पाच लाइफ खर्चून पकडायचा. तिथे जबडे नाहीत, पक्षी आहेत, नाव निटपिकर, आणि ते अंडी टाकतात. सरकत्या दोऱ्यांवर असताना पक्ष्याकडे बघ, दोरीकडे नको.

मारिओच्या अड्ड्यावर विजेच्या ठिणग्या फळ्यांवरून धावतात. ही एकच स्क्रीन जिथे तुझी डाँकी काँगची सवय कामाला येते, पाय जमिनीवर, उडी वेळेवर. एकच सांगतो, ज्युनियरची उडी आखूड आहे, ठिणगी मारिओच्या उडीच्या हिशोबाने ओलांडायला गेलास तर तिच्यावरच पडशील, थोडी जवळ येऊ दे.

आणि साखळ्या. सहा चाव्या, सहा कुलपं, प्रत्येक चावी साखळीवरून ढकलत वर कुलपापर्यंत न्यायची. वरून साखळ्यांवर जबडे उतरतात आणि बाजूने आडवे पक्षी येतात, म्हणजे पहिल्यांदाच तुला उभा आणि आडवा असे दोन्ही धोके एकदम सांभाळायचे असतात. तू म्हणालास दोन चाव्या लागतात आणि मरतो. मला खात्री आहे की तू एकेक चावी एकेका साखळीवरून ढकलत नेतोस. आता वर काय सांगितलं ते आठव, एका साखळीवर वर जाणं हे सगळ्यात सावकाश काम आहे. शेजारच्या दोन साखळ्या धर, दोन्ही हातांत, आणि दोन्हींवरच्या चाव्या एकदम वर ने. वेगही मिळतो आणि सहा फेऱ्यांच्या तीन होतात. ज्या दिवशी हे मला सापडलं त्या दिवशी मी ती स्क्रीन सलग पाच वेळा पार केली, आधी महिनाभर अडकलो होतो.

पण आंधळेपणाने नाही हां. वर चढायला लागायच्या आधी त्या दोन साखळ्यांवर वर काही उतरतंय का बघ, आणि पक्षी कुठल्या उंचीवरून चाललेत ते बघ. पक्षी तुझ्या उंचीवर येतोय असं दिसलं की एक साखळी सोड आणि सर्रकन खाली. तोच आधीचा क्रम, बाजूला मग खाली. साखळ्यांवरही फळं आहेत, आणि इथे त्यांची किंमत वेलींपेक्षा जास्त आहे, कारण इथे एक लाल जबडा नको त्या साखळीवर बसला की ती जोडी बंद होते. मी दर वेळी पहिल्या दोन चाव्या फळ न वापरता नेतो, सुरुवातीला गर्दी कमी असते म्हणून, आणि फळं नंतरच्या गर्दीसाठी ठेवतो. काही चांगले खेळणारे उलटं करतात, आधी साफ करून मग चाव्या, माझ्या हाताला ते बसत नाही, टायमर फार खातो, आणि उरलेला टायमर म्हणजे बोनस, तो फुकट का घालवायचा.

सहावी चावी लागली की डाँकी काँग सुटतो, खाली पडतो, पोरगा त्याला झेलतो, आणि मारिओ मागे धावत आला की बाप त्याला लाथ घालतो. मला आजही हे बघायला बरं वाटतं. पहिल्या गेममध्ये आपणच त्याला डोक्यावर पाडलं होतं.

जॉयस्टिकबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ही फार जण सांगत नाहीत. हा गेम चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनवलेला आहे, वर, खाली, डावी, उजवी. आजकालच्या बहुतेक स्टिक आठ दिशांच्या असतात, तिरकी जागाही लागते, आणि वेलीवरून बाजूला-मग-खाली करताना तुझा अंगठा किंवा हात नेमका त्या तिरक्या जागेत जातो आणि गेमला कळत नाही तुला काय हवंय. आर्केड स्टिक असेल तर खालची चौकट फिरवून किंवा बदलून ती चार दिशांची कर, काहींवर ती सोय असते. गेमपॅडवर खेळत असशील तर ती गोल काडी वापरू नको, अधिक चिन्हासारखं जे बटण असतं ते वापर. तू जे कंट्रोल जड म्हणतोयस त्यातला निदान काही भाग हाच निघेल.

आता कच्चा बनवलाय का या प्रश्नाकडे येतो. पहिला डाँकी काँग १९८१ चा. तो बनवणाऱ्या निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या रेडार स्कोप नावाच्या गेमची ३००० यंत्रं अमेरिकेत पाठवली होती, त्यातली साधारण २००० पडून राहिली, आणि ती वापरता यावीत म्हणून शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण डिझायनरकडून नवीन गेम करून घेतला, तो हा, आणि तो तुफान चालला. मग दुसरा भाग काढायचा ठरला. सरळ वाट अशी होती की अजून पिंपं, अजून शिड्या, अजून एक इमारत. त्यांनी तसं केलं नाही. त्यांना डाँकी काँगलाच नायक करायचं होतं, पण तो स्क्रीनवर एवढा मोठा होता की त्याला खेळवणं जमेना, म्हणून त्याचा पोरगा आणला, पांढरा बनियन, त्यावर इंग्रजी जे. आणि पोरगा आला म्हटल्यावर बापाला कोणी पकडलं, तर मारिओने. मारिओ खलनायक असलेला हा गेम, पुढे त्याचं जे काही झालं ते माहीत असल्यावर तर हे धाडस अजून मोठं वाटतं. माकडाचं पोर नायक झालं म्हटल्यावर ते शिडी कशाला चढेल, ते वेलीला लटकेल, आणि लटकलं म्हणजे हात आले, आणि हात आले म्हणजे दोन वेली की एक हा सगळा खेळ आला. गोष्टीतून शरीर आलं आणि शरीरातून खेळ. म्हणून मी याला कच्चा म्हणूच शकत नाही. पुढचा भाग काढायचा म्हणजे आधीचंच जास्त करायचं, हे इथे झालेलं नाही.

याच्या मागे एक कोर्टाची भानगडही आहे. पहिल्या गेमचा कोड निन्टेन्डोने स्वतः लिहिला नव्हता, इकेगामी त्सुशिन्की या कंपनीने लिहिला होता, आणि ज्युनियर करताना तो मूळ कोड उलगडून त्याच्यावर नवीन गेम उभा केला गेला. इकेगामीने १९८३ मध्ये दावा लावला आणि १९९० मध्ये तडजोड होऊन तो मिटला. बोर्ड दुरुस्त करताना हे नातं हाताला जाणवतं, दोन्हीत तोच झेड-८० प्रोसेसर, मांडणीही ओळखीची. माझ्याकडचा ज्युनियरचा बोर्ड एका माणसाकडून चालू म्हणून घेतला आणि घरी आणून लावला तर रंग सगळे उलटे, आकाश भलतंच, ज्युनियर भुतासारखा. मी तीन रात्री चिपा तपासत बसलो. बोर्ड व्यवस्थित होता, निन्टेन्डोचे त्या काळचे बोर्ड उलटा व्हिडिओ सिग्नल देतात, त्यांच्याबरोबर येणारा मॉनिटर तो सुलटा करून घ्यायचा, साध्या मॉनिटरला लावायचं तर मध्ये सिग्नल उलटवणारं छोटं सर्किट बसवावं लागतं. कधी खरा बोर्ड घेतलास तर हे लक्षात ठेव, चांगला बोर्ड बिघडला समजून उघडू नकोस.

आणि त्याच नात्यातून आलेला एक आजारही आहे. डाँकी काँग २२ व्या लेव्हलला संपतो, म्हणजे तिथून पुढे जाताच येत नाही. लेव्हलच्या नंबराला दहाने गुणून त्यात ४० मिळवायचे, त्यावरून बोनस टायमर ठरतो, हा आकडा ८० च्या वर गेला की ८० वरच धरायचा, म्हणजे टायमर ८००० च्या वर जात नाही. २२ व्या लेव्हलला उत्तर येतं २६०, पण आठ बिटात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, तो परत शून्यापासून सुरू होतो आणि उरतात ४. चार हे ८० पेक्षा कमीच, म्हणून गेम ते खरं मानतो आणि तुला ४०० चा टायमर देतो, त्यात स्क्रीन होणं शक्य नाही. ज्युनियरलाही २२ व्या लेव्हलला हाच फास बसतो. मी तिथवर पोचलेलो नाही, पोचणारे जगात मोजके आहेत, पण तिथपर्यंतचा रस्ता त्या दोन वेलींच्या नियमावरच जातो एवढं त्यांचा खेळ बघून सांगू शकतो.

मग पहिल्याइतकं नाव का नाही, तर माझं मत असं की यात गेमचा दोष कमी आणि नशिबाचा जास्त. पहिला आला तेव्हा तसलं काही लोकांनी बघितलंच नव्हतं, दुसरा वर्षभरात आला तेव्हा उड्या-चढणीचे गेम बरेच झाले होते. पुढच्याच वर्षी तिसरा भाग आला, त्यात ज्युनियर नाही, मारिओ नाही, बागेत फवारा मारणारा स्टॅनली, आणि तो गेमच वेगळ्या जातीचा. मग मारिओ जगभरचा नायक झाला, आणि ज्या गेममध्ये तो पोराच्या बापाला कोंडतो तो गेम त्या घराण्यात मागेच पडला. ज्युनियर १९९२ च्या सुपर मारिओ कार्टमध्ये गाडी चालवताना दिसतो, त्यानंतर त्याचं फारसं काही झालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडच्या पिढीला तो माहीत आहे तो मात्र त्या आठ-बिट कॅसेटमुळे. जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा गेम, बाजारात आला तेव्हा बरोबर तीनच गेम होते, डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनियर आणि पोपाय, आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे स्वस्तातले टीव्ही गेम आले ते त्याच फॅमिकॉमच्या नकला. म्हणून ते गेम आपल्या कॅसेटवर आले. त्यात गंमत अशी की घरगुती डाँकी काँगमधून एक पूर्ण स्क्रीन, ती सिमेंटच्या कारखान्याची, काढून टाकली होती, पण ज्युनियरच्या चारही स्क्रीन ठेवल्या होत्या. म्हणजे सांगली-साताऱ्यातल्या पोरांनी बापाचा गेम अर्धवट खेळला आणि पोराचा पूर्ण.

तर तू आता असं कर. सराव करायला तीच घरगुती आवृत्ती लाव, तिचा वेग जरा दयाळू आहे आणि मधल्या दोन्ही स्क्रीन खेळायला मिळतात. पहिले दोन-तीन दिवस फक्त वेलींची स्क्रीन, आणि तीही चावी न घेता, नुसतं दोन वेलींनी वर, एक सोडून खाली, परत वर. जबडा आला की बटण दाबणारा अंगठा आवरायचा, अगदी बटणावरून उचलून बाजूला ठेवलास तरी चालेल, मी लहान भावाला असंच शिकवलं होतं. ते हातात बसलं की आर्केडवाला लाव, निन्टेन्डो स्विच या गेम यंत्रावर २०१८ पासून तो अधिकृत मिळतो. साखळ्यांवर आलास की डावीकडची जवळची जोडी आधी धर, फळ न शिवता, आणि चार चाव्या झाल्या की कळव, शेवटच्या दोन चाव्यांना पक्ष्यांचा ठेका बदलल्यासारखा वाटतो, तिथे तू कसा अडकतोस ते बघून पुढचं सांगतो.